मानवत आणि ह्वासोंग : कोरियन रहस्यपटांच्या आकर्षणाची ऐतिहासिक मीमांसा

सहायक प्राध्यापक, इतिहास विभाग, परंडा (जि. धाराशिव)

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाने चित्रपटाकडे, त्यातही रहस्यपटाकडे वळावे, हे आपल्याकडे अद्यापही काहीसे अप्रस्तुत मानले जाते. परंड्यासारख्या गावी इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, निजामशाहीच्या पडत्या काळात मलिक अंबराने येथे सावरून धरलेली गादी आणि येथून विजापूरला गेलेली मुलूखमैदान तोफ एवढेच विषय प्राधान्याने पुढे येतात. राजे, लढाया व तह यांचा इतिहास महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु एखाद्या समाजाला कशाची भीती वाटते, तो कोणावर संशय घेतो, न्यायाची अपेक्षा कोणाकडून करतो आणि कोणत्या मृत्यूंची आठवण ठेवतो, हेही इतिहासाचेच प्रश्न आहेत. या प्रश्नांची उत्तरे शोधताना गुन्ह्यांच्या हकीकती व त्यांवर आधारलेल्या कलाकृती ही उपयुक्त साधने ठरतात.

गेल्या दोन दशकांत दक्षिण कोरियाच्या रहस्यप्रधान चित्रपटांनी जगभरचा प्रेक्षक मिळवला. भारतात या लाटेचा पहिला ठळक अनुभव ईशान्येकडील मणिपूरने घेतला. २००० साली तेथील एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यानंतर त्या जागी कोरियन मालिका व चित्रपट आले. पुढे 'पॅरासाइट' या चित्रपटाला २०१९ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान व २०२० मध्ये चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्याच वर्षीच्या टाळेबंदीच्या काळात हे चित्रपट भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. ज्यांची भाषा, अन्न, वेश व श्रद्धा आपल्याहून वेगळ्या, अशा लोकांच्या गुन्हेकथा मराठी प्रेक्षकाला का खिळवून ठेवतात?

चित्रीकरणाचे कौशल्य व कथानकाची गती हे याचे नेहमीचे उत्तर होय. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कोरियन रहस्यपटाचे सामर्थ्य 'गुन्हा कोणी केला' या प्रश्नाला 'हा गुन्हा ज्या व्यवस्थेत घडू शकला ती व्यवस्था कशी होती' या प्रश्नापर्यंत नेण्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ते तपासण्यासाठी येथे कोरियातील ह्वासोंग व मराठवाड्यातील मानवत ही दोन हत्यासत्रे आणि त्यांवरील कलाकृती यांचा तौलनिक विचार केला आहे.

१. कोरियन रहस्यपटाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोरियाचे विसावे शतक हे आघातांचे शतक होते. १९१० ते १९४५ पर्यंत जपानची वसाहतवादी राजवट, त्यानंतर देशाची फाळणी, १९५० ते १९५३ चे युद्ध आणि १९६१ पासून लष्करी सत्ता असा हा क्रम आहे. ऑक्टोबर १९७९ मध्ये पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. पाठोपाठ दुसऱ्या लष्करी गटाने सत्ता बळकावली. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील उठाव शस्त्रबळाने चिरडण्यात आला. जून १९८७ च्या जनआंदोलनानंतर राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीचा हक्क मिळाला व लोकशाहीचा मार्ग मोकळा झाला.

या काळात चित्रपटांवर कडक नियंत्रण होते. पोलीस, लष्कर व शासन यांना अपयशी दाखवणे जवळजवळ अशक्य होते. १९९६ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्व-तपासणी घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी आलेल्या आर्थिक संकटाने विकासाच्या आत्मविश्वासाला तडा दिला. लष्करी राजवटीत बालपण व तारुण्य घालवलेली, लोकशाही आंदोलनाच्या वातावरणात घडलेली दिग्दर्शकांची पिढी याच सुमारास पुढे आली. बोंग जून-हो व पार्क चान-वूक ही त्यांतील प्रमुख नावे होत. पार्क यांच्या 'जॉइंट सिक्युरिटी एरिया' (२०००) या चित्रपटात दोन कोरियांच्या सीमेवरील गोळीबाराचा तपास आहे. परंतु त्यातून उलगडते ते फाळणीचे दुःख. त्यांच्या 'ओल्डबॉय'ला (२००३) २००४ च्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले.

रहस्यकथेचा साचा या पिढीच्या हेतूला विशेष सोयीचा होता. तपास करणारा माणूस कोणत्याही दारावर थाप मारू शकतो. श्रीमंताचा वाडा, मजुराची झोपडी, पोलीस ठाण्याचे तळघर, शाळा, कारखाना या सर्व ठिकाणी तो प्रेक्षकाला घेऊन जातो. म्हणून तपासाची कथा ही समाजाच्या पाहणीची कथा होऊ शकते.

२. ह्वासोंग प्रकरण आणि 'मेमरीज ऑफ मर्डर'

सेऊलच्या दक्षिणेस असलेल्या ह्वासोंग या तत्कालीन ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांच्या हत्या झाल्या. देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या तपासांपैकी एक येथे झाला. सुमारे २१ हजार लोकांची संशयित म्हणून चौकशी झाल्याचे सांगितले जाते. तरीही गुन्हेगार सापडला नाही. या घटनांवरील एका नाटकाच्या आधारे बोंग जून-हो यांनी २००३ मध्ये 'मेमरीज ऑफ मर्डर' हा चित्रपट केला.

या चित्रपटातील पोलीस हे पराक्रमी नाहीत. ते पुरावा बनवतात, मतिमंद तरुणाला मारहाण करून कबुलीजबाब घेतात आणि मांत्रिकाचा सल्लाही घेतात. पुन्हा खून होण्याची शक्यता असताना अधिक शिपायांची मागणी केली जाते. पण शिपाई निदर्शने दडपण्यासाठी गेलेले असतात. हवाई हल्ल्याच्या सरावासाठी गावातील दिवे मालवले जातात आणि त्याच अंधारात एक मुलगी मारली जाते. दिग्दर्शक येथे कोणतेही भाषण करीत नाही. नागरिकांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याला नागरिकांचे रक्षण करता येत नव्हते, हे त्या अंधारातून प्रेक्षकाला उमगते. चित्रपटाच्या शेवटी, अनेक वर्षांनी पोलिसी नोकरी सोडलेला नायक थेट प्रेक्षकांकडे पाहतो. गुन्हेगार आपल्यातच बसलेला असू शकतो, असा त्या नजरेचा आशय आहे.

या प्रकरणाचा पुढील इतिहास चित्रपटाइतकाच बोलका आहे. खुनाच्या गुन्ह्यासाठी त्या काळी कोरियात १५ वर्षांची कालमर्यादा होती. त्यामुळे २००६ मध्ये शेवटच्या खुनाचाही खटला चालवण्याचा अधिकार संपुष्टात आला. खुनासाठीची ही मर्यादा २०१५ मध्ये रद्द झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये जनुकीय चाचणीतून खरा गुन्हेगार निष्पन्न झाला. १९९४ मधील दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीच जन्मठेप भोगत होता. त्याने १४ खुनांची कबुली दिली. मात्र ह्वासोंगच्या हत्यांसाठी त्याच्यावर खटला भरता आला नाही.

याच कबुलीतून दुसरे सत्य बाहेर आले. १९८८ मध्ये झालेल्या आठव्या खुनासाठी पोलिसांनी शेतीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या, पायाने अधू असलेल्या एका गरीब तरुणाला पकडले होते. दबावाखाली घेतलेल्या कबुलीच्या आधारे त्याला जन्मठेप झाली व सुमारे २० वर्षे त्याने कारागृहात काढली. डिसेंबर २०२० मध्ये फेरखटल्यात त्याला निर्दोष ठरवण्यात आले. ह्वासोंगच्या हत्यासत्रात 'उलगडा झाला' असे जे प्रकरण मानले गेले होते, नेमका तेथेच अन्याय झाला होता. चित्रपटाने २००३ मध्ये पोलिसी खात्रीविषयी व्यक्त केलेला संशय न्यायालयाने १७ वर्षांनी खरा ठरवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

३. मानवत प्रकरण आणि 'आक्रीत'

ह्वासोंगची हकीकत वाचताना मराठवाड्यातील वाचकाला परभणी जिल्ह्यातील मानवतची आठवण होणे स्वाभाविक आहे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत व परिसरात लहान मुली व स्त्रिया यांच्या एकामागून एक हत्या झाल्या. गुप्तधनाची लालसा, अपत्यप्राप्तीची इच्छा व त्यासाठी नरबळी असा हेतू तपासात पुढे आला. स्थानिक तपास खुंटल्यावर मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाचारण करण्यात आले. मुंबईतील रमण राघव प्रकरणाच्या १९६८ मधील तपासामुळे त्यांचे नाव राज्यभर झाले होते. त्यांच्या तपासानंतर आरोपींवर खटला चालला व शिक्षा झाल्या. मात्र ज्या जोडप्याभोवती कटाची सारी हकीकत उभी होती, ते पुराव्याअभावी वरिष्ठ न्यायालयात सुटले. अन्य काहींना फाशी झाली.

या घटनांचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९७२–७३ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या, स्मृतीत आजही ताजा आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप, ओस पडलेले गोठे हे त्या काळाचे चित्र होते. दुष्काळामुळे हे खून झाले असा सरळ कार्यकारणभाव लावणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. परंतु मजुरी व सरपण यांसाठी स्त्रिया व मुलींना घराबाहेर दूर जावे लागणे, गावातील धनिकाच्या शब्दाला असलेले वजन आणि गरिबाच्या तक्रारीला मिळणारा थंड प्रतिसाद ही त्या समाजाची चौकट होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत असलेल्या या प्रदेशात राज्यसंस्था आणि सामान्य माणूस यांतील अंतर पंचवीस वर्षांत फारसे कमी झाले नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

१९८१ मध्ये अमोल पालेकर यांनी विजय तेंडुलकर यांच्या लेखनावर 'आक्रीत' हा चित्रपट दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिला चित्रपट होय. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. 'आक्रीत'चा भर गुन्हेगार लपवून ठेवण्यावर नाही. सत्ता, लालसा, कामवासना व अंधश्रद्धा एकमेकींत कशा गुंततात हे तो दाखवतो. म्हणजे 'कोणी केले' यापेक्षा 'कसे घडू शकले' हा प्रश्न मराठी चित्रपटाने 'मेमरीज ऑफ मर्डर'च्या २२ वर्षे आधी विचारला होता. ही बाब आपल्या चित्रपटविषयक चर्चेत क्वचितच नोंदवली जाते.

४. मराठी रहस्यकथेची परंपरा

मग 'आक्रीत'ची परंपरा का निर्माण झाली नाही? याचे एक कारण मराठी रहस्यकथेच्या घडणीत सापडते. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. धनंजय व झुंझार हे त्यांचे नायक घराघरांत पोहोचले. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदींनी हा वाचकवर्ग टिकवला. वाचनालयांच्या इतिहासात या लेखकांचे योगदान फार मोठे आहे. परंतु या कथांचे विश्व नायकाच्या बुद्धीवर व धाडसावर विश्वासलेले होते. गुन्हा हा सुरळीत समाजातील अपवाद असतो, नायक तो दूर करतो व समाज पूर्ववत होतो, अशी तिची धाटणी होती.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हा गाजलेला मराठी रहस्यपट व त्यावरून निघालेला हिंदी 'मेरा साया' (१९६६) यांतही रहस्याची उकल झाली की मनाची घालमेल संपते. वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटातही भुताखेताच्या भीतीमागील कारस्थान उघड होते. या कलाकृतींचे मनोरंजनमूल्य वादातीत आहे. तथापि प्रेक्षक चित्रपटगृहातून निश्चिंत होऊन बाहेर पडावा, अशी त्यांची योजना होती. कोरियन रहस्यपट नेमकी हीच निश्चिंती काढून घेतो. मराठी प्रेक्षकाला त्यात नावीन्य जाणवते ते या कारणाने.

५. हिंदी रूपांतरे : कथा आली, इतिहास राहिला

कोरियन रहस्यपटांची लोकप्रियता पाहून हिंदीत त्यांची उघड व छुपी रूपांतरे झाली. 'ओल्डबॉय'शी साम्य असलेला 'जिंदा' (२००६), 'सेव्हन डेज'वरून 'जज्बा' (२०१५), 'मोंताज'वरून 'तीन' (२०१६) ही काही उदाहरणे. 'डोंबिवली फास्ट' (२००५) या चित्रपटातून मध्यमवर्गीय माणसाचा उद्रेक प्रभावीपणे मांडणारे निशिकांत कामत यांनीही 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' या कोरियन चित्रपटावरून 'रॉकी हँडसम' (२०१६) केला.

यांपैकी 'मोंताज' (२०१३) व 'तीन' यांची तुलना उद्बोधक आहे. मूळ कोरियन चित्रपटाचा ताण अपहरणाच्या गुन्ह्याची १५ वर्षांची कालमर्यादा संपत येण्यावर उभा आहे. आई वाट पाहत आहे आणि कायद्याचे घड्याळ तिच्याविरुद्ध चालले आहे. ह्वासोंगची आठवण असलेल्या प्रेक्षकाला त्या घड्याळाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. भारतात तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घेण्यास अशी कालमर्यादा नाही. त्यामुळे कथा कोलकात्यात आणताना घटनाक्रम आला. पण त्यामागील सामाजिक वेदना मागे राहिली. भारतीय माणसाची वेदना वेगळी आहे. येथे मुदत संपत नाही, खटलाच संपत नाही. रूपांतरकाराने जर आपल्या न्यायव्यवस्थेतील विलंबाला कथेचे घड्याळ केले असते, तर ती कथा अधिक आपली झाली असती.

६. संशयाचा भार कोणावर?

रहस्यकथेत संशय हे मुख्य द्रव्य असते. म्हणून ती कोणाकडे बोट दाखवते, हा तिच्या नैतिकतेचा प्रश्न ठरतो. बोंग यांच्या 'मदर' (२००९) या चित्रपटात खुनाच्या आरोपात अडकलेल्या मुलाला सोडवण्यासाठी आई जिवाचे रान करते. अखेरीस तुरुंगात जातो तो ज्याला आईही नाही असा दुसरा दुर्बल मुलगा. ना होंग-जिन यांच्या 'द वेलिंग' (२०१६) मध्ये डोंगराळ गावातील अनाकलनीय मृत्यूंचा संशय एका परक्या जपानी माणसावर जातो. अफवा, मांत्रिक, विधी व वसाहतकाळाची आठवण यांचे मिश्रण होऊन गावाला सत्य व भ्रम यांतील फरक कळेनासा होतो. दोन्ही चित्रपट प्रेक्षकाला संशय घ्यायला लावतात आणि मग त्या संशयाची लाज वाटायला लावतात.

मानवतच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. त्या प्रकरणातील आरोपींत पारधी समाजातील व्यक्तींचा समावेश होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश राजवटीत अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु शिक्का पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पहिला छापा पारध्यांच्या पालावर, हा अनुभव आपल्या जिल्ह्यालाही अपरिचित नाही. अशा स्थितीत व्यक्तींचा गुन्हा समाजाचा स्वभाव म्हणून रंगवला गेला, तर कलाकृती जुन्या अन्यायाला नवे बळ देते. रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर आधारलेली, आशिष बेंडे दिग्दर्शित 'मानवत मर्डर्स' ही मालिका २०२४ मध्ये आल्यानंतर हे प्रकरण नव्या पिढीपुढे आले आहे. त्यामुळे अध्यापकांनी या प्रश्नाची चर्चा वर्गात करणे आता अगत्याचे झाले आहे.

येथे आणखी एक तुलना करता येईल. मूकबधिर विद्यार्थ्यांच्या शाळेतील अत्याचारांवरील 'सायलेन्स्ड' (२०११) या कोरियन चित्रपटानंतर लोकक्षोभ उसळला आणि त्याच वर्षी बालके व अपंगांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीचा कायदा कडक झाला. महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा मानवतनंतर सुमारे चार दशकांनी, २०१३ मध्ये आला. तो डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रदीर्घ चळवळीचे फळ होता आणि त्याचा अध्यादेश निघाला तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर. आपल्याकडे जे काम चळवळीने केले, त्यात लोकप्रिय कलेचा वाटा अल्प राहिला, ही वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, कोरियन रहस्यपटाचे आकर्षण केवळ तंत्रात नसून लष्करी राजवटीचा अनुभव, नियंत्रणातून झालेली मुक्तता व न मिळालेल्या न्यायाची स्मृती यांत त्याची मुळे आहेत. दुसरी, मराठवाड्यातील प्रेक्षकाला हे चित्रपट जवळचे वाटतात, कारण गावगाड्यातील सत्ता, अफवा, देवऋषी, पोलीस ठाण्याची धास्ती व दुर्बलावर जाणारा पहिला संशय हे सारे त्याच्या परिचयाचे आहे. तिसरी, 'आक्रीत'च्या रूपाने मराठीने या वाटेवर फार आधी पाऊल टाकले होते. परंतु उकलीतून समाधान देणाऱ्या परंपरेच्या प्रभावामुळे ती वाट रुळली नाही. चौथी, केवळ कथानक उसने घेणाऱ्या रूपांतरांत मूळ चित्रपटाचे सामर्थ्य येत नाही. त्यासाठी आपल्याच इतिहासाकडे वळावे लागते.

या सर्वांच्या पलीकडे एक कर्तव्य उरते. ह्वासोंगचे प्रकरण उलगडले तेव्हा गुन्हेगाराचे नाव जगभर झाले. मानवतविषयी बोलतानाही आरोपी व तपास अधिकारी यांचीच नावे घेतली जातात. ज्या मुली सरपणाला, पाण्याला वा शेतात गेल्या व परतल्या नाहीत, त्यांची घरे, त्यांच्या आयांची तक्रार, त्या तक्रारीला मिळालेले उत्तर यांची नोंद कोठे आहे? त्या काळचे साक्षीदार आता वृद्ध झाले आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांच्या आठवणी, संबंधितांची संमती व प्रतिष्ठा सांभाळून, वेळीच संकलित केल्या पाहिजेत. चांगला रहस्यपट जो प्रश्न प्रेक्षकाच्या मनात ठेवून जातो, त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी शेवटी इतिहासाच्या अभ्यासकावरच येते.